पहिला घोट कुणाच्या हातचा?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन कृष्णाला विचारतो की, मनात नसतानाही, कुणी मागून बळजबरीनं ढकलावं तसा माणूस पापाकडं का ओढला जातो? व्यसनाविषयी याहून नेमका प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. दारू सुटत नसलेल्या माणसाच्या घरात हाच प्रश्न रोज वेगळ्या तोंडून येतो. सगळं कळतं, पोरांच्या शपथा घेतो, मग संध्याकाळ झाली की पाय तिकडंच कसे वळतात? कृष्णाचं उत्तर काम आणि क्रोध असं आहे, म्हणजे ढकलणारा आतच बसलेला आहे. आपण ते उत्तर फार सोयीनं उचललं. शत्रू आत आहे असं एकदा ठरलं की बाहेरच्यांवर काहीच येत नाही. पिणारा मनाचा कच्चा, न पिणारा मनाचा पक्का, एवढ्यावर विषय मिटतो. माझं म्हणणं असं की, माणूस बाटलीपर्यंत एकटा पोचत नाही. त्याला तिथवर घर नेतं, भावकी नेते, यात्रा नेते. तो तिथं अडकला की हेच सगळे मागं सरतात आणि त्याला एकट्याला गुन्हेगार ठरवतात. हा अन्याय तर आहेच, पण त्यामुळं सुटकेचा रस्तासुद्धा भलत्याच जागी शोधला जातो.

पुराव्यासाठी दारूपासून नको, मिसरीपासून सुरुवात करू, कारण तिच्याकडं व्यसन म्हणून कुणी बघतच नाही. कराडला खेटून असलेलं मलकापूर पुणे-बंगळूर महामार्गावर वाढलं. कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय इथंच आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत आणि नगरपंचायतीची नगरपरिषद झाली. तरी या सगळ्या कृष्णा-कोयनेच्या पट्ट्यात आजही अशी घरं आहेत जिथं तंबाखू तव्यावर टाकून काळी होईपर्यंत भाजली जाते, हातानं चुरली जाते आणि डबीत भरून ठेवली जाते. सकाळी उठल्यावर बाई उंबऱ्यावर बसते, चिमूटभर मिसरी बोटावर घेते आणि दातांवर, हिरड्यांवर सावकाश घासत राहते. दात पंधरा-वीस मिनिटं कुणी घासत नाही. ती निकोटिन घेत असते. तिला विचारलं तर ती सांगते की, मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं. हे तिला कुणी शिकवलं? आजीनं, आईनं, लग्नानंतर सासूनं. दात दुखतोय म्हणून लहानपणी पहिल्यांदा बोटाला मिसरी लागली ती घरातल्याच मायेच्या हातानं. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला होता, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिसरीसारखी न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी वजनाची निघाली. ज्या मायेनं डबी पुढं केली तिच्या स्वप्नातही हे नव्हतं.

आता याच बायकांकडं दारूच्या बाजूनं पाहा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या शंभरातल्या सुमारे सतरा स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत मात्र राज्यात दारू पिणाऱ्या स्त्रिया शंभरात एकसुद्धा भरत नाहीत, आणि पुरुष चौदाच्या आसपास आहेत. व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा असेल, तर एकाच बाईचं मन तंबाखूपुढं दुबळं आणि दारूपुढं पोलादी कसं होतं? कष्ट तेच, दुःख तेच, शरीरही तेच. दारूचं दुकान नवऱ्यासाठी जितकं जवळ तितकंच तिच्यासाठीही जवळ. फरक एवढाच की, मिसरीला घराची परवानगी आहे आणि दारूला नाही. विडी-सिगारेटचंही तसंच. महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे शंभरात चारसुद्धा नाहीत, पण तोंडात धरणारे चोवीस आहेत. कारण चंची काढून चुना-तंबाखू मळायची आणि शेजाऱ्याच्या तळव्यावर ठेवायची, हा आपल्याकडं ओळखीचा पहिला धागा आहे. अनोळखी माणूसही बांधावर बसून बिनदिक्कत तंबाखू मागतो. पोराला दुकानात पुडी आणायला पाठवणाऱ्या बापाला आपण काही चुकीचं करतोय असं वाटतच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, पण ती दुकानदाराला. पोराला धाडणाऱ्या बापाला कुणी अडवत नाही.

पुरुषांच्या दारूची परवानगी वेगळ्या वाटेनं येते. रोज पिणाऱ्याला गाव नावं ठेवतं, पण प्रसंगाला पिणाऱ्याला गाव आग्रह करतं. यात्रेला बोकड पडतं तेव्हा पै-पाहुण्यांसाठी मागच्या खोलीत सोय असते. हळदीच्या रात्री, वरातीपुढं, सोसायटीच्या निवडणुकीत ढाब्यावर, आषाढाच्या शेवटी गटारीला, प्रत्येक ठिकाणी पहिला पेला कुणीतरी वडीलधारा किंवा जिवलग पुढं करतो आणि नको म्हणणारा अपमान करतोय असं समजलं जातं. सातारा हा फौजींचा जिल्हा. सुट्टीवर आलेल्या जवानानं आणलेली कॅन्टीनची बाटली हा कितीतरी घरांत मानाचा आहेर असतो. या तरुणांतले बरेच जण प्रसंगापुरतेच राहतात, काही अडकतात. मग गाव म्हणतं की, आम्हीपण पितो की, पण आम्हाला कळतं कुठं थांबायचं. या वाक्यात फार क्रूरपणा आहे. शंभरजणांना एकाच पंगतीला बसवून वाढायचं, त्यातले काही पडणार हे पिढ्यान्‌पिढ्या दिसत असूनही वाढायचं, आणि पडलेल्यांना सांगायचं की पंगतीचा काही दोष नाही.

ही पंगत ओळखली ती गाडगेबाबांनी. देबूजीचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरचा. वडील झिंगराजी दारूपायी गेले तेव्हा मुलगा आठेक वर्षांचा होता. त्या काळी त्यांच्या जातीत देवाच्या आणि माणसांच्या कार्याला मटण आणि दारू हा रिवाज होता. तो मोडणारा भाऊबंदांतून उठायचा. पुढं देबूजीला मुलगी झाली तेव्हा बारशाला सगळे त्याच अपेक्षेनं जमले. त्यांनी गोडाचं जेवण वाढलं. लोक चिडले, कुरकुरले, पण जेवले. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की, दारूनं बाप गमावलेल्या या तरुणानं पहिला घाव पिणाऱ्यावर घातला नाही. त्यानं यजमानाची जागा घेतली आणि ताट बदललं. दारू सोडा असं कीर्तनातून सांगणं नंतर आलं. आधी आपल्या घरच्या कार्यात ती वाढायची नाही हे आलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये कराडला काढलेल्या महाविद्यालयाला गाडगेमहाराजांचंच नाव आहे. त्या नावाचा हा अर्थ कराड-मलकापूरच्या लग्नघरांत अजून पुरता उतरलेला नाही.

इथं पहिली हरकत येते. बाप दारूनं मेला आणि मुलगा गाडगेबाबा झाला, मग घराचा प्रभाव कुठं राहिला? एकाच आईच्या पोटचे दोन भाऊ, एक पितो, दुसरा शिवत नाही, हे तर गल्लोगल्ली दिसतं. हरकत खरी आहे. व्यसनाचा थोडाफार वाटा रक्तातूनही येतो. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून दारूच्या अवलंबित्वात अनुवंशाचा हिस्सा साधारण निम्मा धरला जातो. भावाभावांत तो सारखा वाटला जात नाही. पण अनुवंश फार तर पेटण्याची तयारी देतो, काडी बाहेरून लागते. पाण्याशिवाय काहीच न वाढणाऱ्या घरात तो गुण आयुष्यभर झोपून राहतो. देबूजीचंच पाहा. बाप गेल्यावर आई त्याला घेऊन माहेरी गेली आणि तो मामाच्या घरी, दुसऱ्या माणसांत वाढला. माणूस तोच राहून भोवताल बदलला तर काय होतं याचा मोठा दाखला व्हिएतनामच्या युद्धात मिळाला. तिथल्या अमेरिकी सैनिकांतले जवळपास पाचातले एक हेरॉइनच्या आहारी गेल्याचं आढळलं आणि तिकडचं सरकार हादरलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिथं व्यसनी झालेल्यांपैकी घरी आल्यावर वर्षभरात पुन्हा अडकलेले शंभरात पाचच्या आसपास निघाले. त्यांची इच्छाशक्ती विमानात वाढली नव्हती. सोबत बदलली होती, भीती संपली होती, गावी त्या पदार्थाला जागा नव्हती.

दुसरी हरकत नैतिक आहे आणि ती मला जास्त गंभीर वाटते. घर आणि संस्कृती जबाबदार म्हटलं की बायकोला मारणाऱ्या, पोरांच्या फीचे पैसे उडवणाऱ्या माणसाला निमित्त मिळतं. तो म्हणेल, माझा काय दोष, मला असंच वाढवलं. आपली जुनी विचारपद्धती इथं मदतीला येते. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे भाग आपण करतो. जे वाट्याला आलं त्याचा दोष माझ्याकडं नाही, पण त्यातून आज जे करतो ते माझंच आहे. व्यसनी माणसाला व्यसन लागल्याचा दोष देऊ नये, उपचाराला जाण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकावी. बायकोवर उचललेल्या हाताची तर टाकावीच टाकावी. इथपर्यंत बहुतेकांना पटेल. पण प्रारब्धाचा विचार आपण नेहमी अर्ध्यावर सोडतो. मुलाच्या प्रारब्धात जे घर आलं, ते घर कुणाच्या तरी क्रियमाणानं रोज घडतं आहे. बापाचा आजचा पेला, आजीची आजची डबी, मामाचा आजचा आग्रह, ही त्यांची चालू कर्मं आहेत. मुलाच्या वाट्याला ती नशीब म्हणून येतात. एकाचं कर्म दुसऱ्याचं दैव होतं. गीतेच्या त्याच तिसऱ्या अध्यायात, अर्जुनाच्या प्रश्नाच्या पंधरा श्लोक आधी, कृष्ण सांगून गेलेला आहे की, श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसंच इतर लोक वागतात. ढकलणारा कोण या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे. काम-क्रोधाचा श्लोक आपण व्यसनी माणसाला ऐकवतो. हा दुसरा श्लोक घरच्या श्रेष्ठांनी, म्हणजे वडीलधाऱ्यांनी, स्वतःला ऐकवायचा आहे, आणि तो ऐकवला जात नाही.

तिसरी हरकत अशी की, संस्कृतीच्या गप्पा मारून आपण सरकारला आणि धंद्याला मोकळं सोडतो. हिच्यात बरंच तथ्य आहे. उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो, मद्यार्कापासून दारू, दारूपासून राज्याच्या तिजोरीत उत्पादन शुल्क. ज्या राज्याला या पैशाची सवय लागली आहे त्यानं कुटुंबाला संयम शिकवावा हे शोभत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, तेव्हा महामार्गाला चिकटलेल्या मलकापूरसारख्या गावांना थोडी आशा वाटावी अशी स्थिती होती; २०१७ मध्ये आधी छोट्या वस्त्यांसाठी अंतर कमी झालं, मग शहरी हद्दींना सूट मिळाली. पुरवठा घटला पाहिजे, त्यासाठी भांडलंच पाहिजे. फक्त पुरवठ्यानं सगळं उलगडत नाही, कारण त्याच दुकानावरून त्याच गावच्या बायका रोज जातात आणि आत वळत नाहीत.

आणखी एक शंका आहे आणि ती इथं विशेष टोकदार आहे. सत्यशोधकांच्या या जिल्ह्यात कुणी बहुजनांच्या यात्रा-जेवणाला बोल लावला की विचारलं जातं, हा सोवळेपणा कुठून आला? बोकडाचा नैवेद्य खालचा आणि तुपातला वरचा, हे आम्ही पुष्कळ ऐकलं. हा संशय योग्य आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: प्रश्न नैवेद्याच्या शुद्धतेचा नाही. शहरातल्या बंगल्यात काचेच्या पेल्यात वाढलेली महागडी दारू हीसुद्धा पंगतच आहे आणि तिथंही माणसं पडतात, फक्त त्यांना झाकायला जाड पडदे असतात. दारूविरुद्धचा सर्वांत ठाम सामुदायिक आवाज सोवळ्यातून आलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत दारू न पिण्याची एक आहे. ती एकेकट्यानं देवघरात घेतलेली नव्हती. सबंध समाजानं एकमेकांच्या देखत, एकाच वेळी, जगण्याची सगळी चौकट बदलताना घेतली होती.

वारकऱ्याची माळही अशीच आहे. तुळशीची माळ घातली की माणसाची दारू सुटते, याला लोक श्रद्धेचं बळ म्हणतात. श्रद्धा आहेच, पण माळेबरोबर काय काय येतं ते बघायला हवं. दिंडी येते, एकादशी येते, हरिपाठाची संध्याकाळ येते. म्हणजे जी वेळ पेल्याची होती तिला दुसरं काम मिळतं आणि जिथं नको म्हटल्यानं अपमान होत होता तिथं नको म्हटल्यानं मान मिळतो. माळकऱ्याला कुणी आग्रह करत नाही. वारकरी कीर्तनकार बंडातात्या कराडकर यांनी व्यसनमुक्त युवक संघ याच जमिनीवर उभा केला. याच जिल्ह्यात नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र काढलं, ते देव-धर्माला वगळून, विवेकाच्या आधारावर. जादूटोणाविरोधी कायद्यावरून वारकऱ्यांतला एक गट आणि दाभोलकर समोरासमोर उभे होते. इतक्या टोकाच्या दोन वाटा व्यसनापाशी मात्र एकाच ठिकाणी येतात: माणसाला नवी सोबत द्या. पुण्यात १९८६ मध्ये सुनंदा आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, कारण घर तसंच राहिलं तर बरा झालेला माणूस पुन्हा त्याच चौकटीत परततो हे तिथल्या लोकांनी वारंवार पाहिलं. ईश्वर मानणारा आणि न मानणारा दोघंही एकाच निष्कर्षाला येतात, तेव्हा तो निष्कर्ष श्रद्धेचा नसून माणसाच्या स्वभावाचा आहे असं म्हणायला हरकत नसावी.

घरं मात्र बहुतेक वेळा उलटं करतात. आधी लपवतात. भाऊ गुपचूप दुकानाची उधारी भागवतो, आई कामावर निरोप धाडते की अंगात ताप आहे. मग लग्न लावतात, कारण जबाबदारी पडली की सुधारेल असं कुणीतरी सांगितलेलं असतं. एका परक्या मुलीला औषध म्हणून घरात आणायचं आणि औषध लागू पडलं नाही की तिलाच बोल लावायचा, यासारखं दुसरं पाप मला सुचत नाही. शेवटी शपथ घालतात. श्रावणात सोडतो म्हणून माणूस देवापुढं हात जोडतो, मनापासून जोडतो. प्रसंगापुरता पिणारा महिनाभर सहज राहतो. पण ज्याचं शरीर दारूवर अवलंबून झालं आहे त्याचे हात एक-दोन दिवसांत थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते, काहींना फिट येते, काहींना भिंतीवर किडे दिसतात. ही वैद्यकीय अवस्था आहे आणि उपचार नसेल तर जीवघेणी ठरू शकते. घर मात्र म्हणतं की नाटक करतोय, नाहीतर बाहेरचं काहीतरी झालंय. चौथ्या दिवशी तो पितो आणि शपथ मोडल्याचं आणखी एक पाप त्याच्या माथी बसतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांतल्या एकालाच काही उपचार मिळतात असं दिसलं. उरलेल्या सदतीस जणांना शपथा मिळत असणार.

सवय मोडायला उपदेशापेक्षा व्यवस्था लागते हे मलकापूरला वेगळं सांगायला नको. या छोट्या गावानं नळाला मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं आणि त्यासाठी ते राज्याबाहेरही ओळखलं गेलं. पाणी जपून वापरा अशा पाट्यांनी जे होत नाही, ते नळ कधीही सोडला तरी पाणी येणार आणि जेवढं वापरू तेवढंच बिल येणार या रचनेनं होतं. घरानं कसं वागावं हे तिथं गावानं मिळून ठरवलं.

दारूच्या बाबतीतही मिळून ठरवायचा एक मार्ग कायद्यानं दिलेला आहे. पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान होतं, आणि उभी बाटली (म्हणजे दारूचं दुकान चालू) की आडवी बाटली (म्हणजे बंद) हे बायका ठरवतात. पण आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतांचा निम्मा भाग पुरत नाही. यादीतल्या एकूण स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात. म्हणजे त्या दिवशी घरी थांबलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीकडं मोजली जाते. ती का थांबली हे विचारलं की नवरा, दीर, सासरा, भावकी अशी नावं निघतात. त्यांतले पुष्कळ जण स्वतः पितही नसतात. कार्याला अडचण नको, पाहुण्यांत नाक कापलं जायला नको, एवढंच त्यांना हवं असतं. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांनी पिणाऱ्याच्या आधी या न पिणाऱ्यांच्या दारात जायला हवं आणि विचारायला हवं की, येत्या यात्रेला तुमच्या मागच्या खोलीत काय ठेवणार आहात.